सहकाऱ्याची बाजू घ्यायची आणि मॅनेजरही व्हायचं

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या एका मॅनेजमेंट कन्सल्टिंग फर्ममध्ये तीन वर्षं झाली आहेत, एच-वन-बी व्हिसा आहे आणि येत्या दीड वर्षात मॅनेजर होण्याची आशा आहे. टीममधल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना चांगली कामं मिळत नाहीत, रिव्ह्यूत त्यांच्याबद्दल गुळमुळीत शेरे येतात, हे रोज दिसतं. त्यांच्या बाजूने बोलावंसं वाटतं, पण 'हा पुढारपण करतो' असा शिक्का बसून स्वतःचं प्रमोशन अडकेल अशी धास्तीही आहे. मग करायचं काय?

कन्सल्टिंगमध्ये माणसाचं भवितव्य दोन ठिकाणी ठरतं: कोणाला कोणत्या प्रोजेक्टवर घालायचं ते ठरवणाऱ्या दर आठवड्याच्या स्टाफिंग कॉलवर आणि सहा-सहा महिन्यांनी बसणाऱ्या रिव्ह्यू कमिटीत. ज्याच्याबद्दल चर्चा चालते तो माणूस या दोन्ही ठिकाणी नसतो. फेब्रुवारीतल्या ब्लॅक हिस्टरी मंथच्या कार्यक्रमाला तुम्ही पहिल्या रांगेत बसलात काय किंवा नाही बसलात काय, या दोन खोल्यांमध्ये त्याने काही हलत नाही. म्हणून पुढचं बहुतेक सगळं याच दोन खोल्यांबद्दल आहे.

स्टाफिंगपासून सुरुवात करू. प्रोजेक्टवर चार-पाच जण असले की कामं दोन प्रकारची असतात. क्लायंटच्या एका विभागाबरोबर बसून एक वर्कस्ट्रीम (प्रोजेक्टचा स्वतंत्र भाग) पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवायची, हा एक प्रकार. डेटा साफ करणं, बैठकींच्या नोंदी, स्लाइडचं फॉरमॅटिंग, 'कोणाचं काय राहिलं' याचा ट्रॅकर सांभाळणं, हा दुसरा. मॅनेजर होण्यासाठी पहिल्या प्रकारची दोन-तीन कामं नावावर लागतात. दुसऱ्या प्रकारचं काम कितीही चोख केलं तरी कमिटीत 'मेहनती आहे' यापुढे वाक्य जात नाही. गोम अशी की हे वाटप बहुधा दुष्टपणाने होत नाही. मॅनेजरला सोमवारी सकाळी घाई असते, ओळखीचा माणूस पटकन आठवतो, आणि ओळख झालेली असते ती जेवणाच्या टेबलावर, गोल्फवर, एकाच बिझनेस स्कूलमध्ये. ज्यांची तिथे ऊठबस नाही ते बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, राहतात किंवा उरलेलं काम घेतात. सहा महिन्यांनी तेच कमिटीत 'क्लायंटचा अनुभव कमी' असं लिहून येतं.

याचंच आणखी एक रूप ओळखून ठेवा. प्रपोजलच्या टीमच्या पानावर कृष्णवर्णीय सहकाऱ्याचा फोटो असतो, काम मिळाल्यावर मात्र प्रत्यक्ष टीममध्ये ती नसते. किंवा तिला सरकारी, समाजसेवी, विविधतेशी संबंधित कामांवरच पाठवलं जातं. ही कामं वाईट नसतात, पण फर्मचा मोठा पैसा जिथून येतो ते क्लायंट आणि ते पार्टनर (फर्मचे भागीदार-मालक) तिला भेटतच नाहीत.

तुमच्या पातळीवर हातात असलेली सगळ्यात मोठी चावी म्हणजे रोल-ऑफ. प्रोजेक्टवरून तुम्ही निघता तेव्हा मॅनेजर विचारतो, 'तुझ्या जागी कोण?' हा प्रश्न येण्याच्या तीन आठवडे आधी उत्तर तयार पाहिजे. ज्या सहकाऱ्याचं नाव सुचवायचं तिला आधी विचारा. तिचं सध्याचं काम कधी संपतं, तिला हा उद्योग हवा आहे का, प्रवास जमेल का, हे समजून घ्या. न विचारता सुचवलेलं नाव हे उपकारासारखं दिसतं आणि बरेचदा चुकतं. मग मॅनेजरला दोन ओळींचा मेल: ती 14 तारखेपासून मोकळी आहे, असं असं एक्सेल मॉडेल तिने बांधलेलं आहे, मी चार दिवस सोबत बसून काम हातात देतो. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण मॅनेजरला भीती असते ती मधल्या आठवड्यात गाडी घसरण्याची. ती भीती तुम्ही काढून घेतलीत की नाव मान्य होण्याची शक्यता बरीच वाढते.

आता रिव्ह्यू. अमेरिकेत 2014 मध्ये वकिलांच्या फर्मवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. एकच कायदेशीर टिपण, त्यात मुद्दाम पेरलेल्या 22 चुका, लेखकाचं नाव थॉमस मेयर. निम्म्या पार्टनरांना सांगितलं की लेखक गोरा आहे, निम्म्यांना सांगितलं की तो आफ्रिकन-अमेरिकन आहे. गोऱ्या मेयरला 5 पैकी सरासरी 4.1 गुण मिळाले, कृष्णवर्णीय मेयरला 3.2. त्याहून बोलका आकडा वेगळाच आहे: शुद्धलेखन-व्याकरणाच्या 7 चुकांपैकी गोऱ्याच्या कागदात सरासरी 2.9 सापडल्या, कृष्णवर्णीयाच्या त्याच कागदात 5.8. वाचणारे जेमतेम 53 होते, त्यामुळे याला वेदवाक्य मानू नका. पण यंत्रणा कशी चालते ते त्यातून स्वच्छ दिसतं: चुका तेवढ्याच असतात, शोधणाऱ्याची नजर कमी-जास्त बारीक होते. कन्सल्टिंगचा सगळा माल म्हणजे डेक (स्लाइडचा संच) आणि एक्सेल. तिथे हे रोज घडायला पुरेपूर वाव आहे.

यावर उतारा म्हणजे शेऱ्यामागचा प्रसंग मागणं. 'एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स', म्हणजे वरिष्ठांसमोर पडणारी छाप, 'कमी पडतो' हा शेरा घ्या. तो तुमच्यासमोर आला तर विरोध करू नका. विचारा: कोणत्या मीटिंगमध्ये? समोर कोण होतं? काय बोलायला हवं होतं आणि काय बोललं गेलं? त्या पातळीच्या बाकीच्यांना हाच निकष लावला का? चार प्रश्नांत बहुतेक वेळा दोनांपैकी एक होतं. एक तर खरा प्रसंग निघतो, म्हणजे सुधारता येण्याजोगी गोष्ट हाती लागते. नाहीतर 'तसं काही नेमकं नाही, पण एकूण वाटतं' असं उत्तर येतं आणि सांगणाऱ्यालाच आपल्या शेऱ्याचा पोकळपणा जाणवतो. हे प्रश्न शांत आवाजात, सगळ्यांच्या बाबतीत विचारायची सवय ठेवा. फक्त कृष्णवर्णीय सहकाऱ्यांच्या वेळी विचारलेत तर दुसऱ्याच रिव्ह्यूत लोक तुमच्याकडे बघून मनात हसतील. मॅनेजर होण्याआधी तुम्हाला कमिटीत खुर्ची नसते हे खरं, पण प्रोजेक्टच्या शेवटी सहकाऱ्यांबद्दल लेखी अभिप्राय बहुतेक ठिकाणी मागतात. तो लिहिताना 'उत्तम सहकारी, मेहनती' असली विशेषणं टाळा. कमिटीत कागद वाचून दाखवणाऱ्याला वापरता येईल असं लिहा. उदाहरणार्थ: 'तिसऱ्या आठवड्यात गोदामाच्या डेटातल्या दुबार नोंदी तिने शोधल्या. बचतीचा आकडा 14 दशलक्ष डॉलरवरून 9 वर आला. सीएफओसमोर (वित्तप्रमुखांसमोर) तो तिनेच मांडला आणि त्यांनी तिथेच मान्य केला.' काम, आकडा, साक्षीदार. कमिटीच्या दोन-तीन आठवडे आधी हे पोचलं पाहिजे. नंतर आलेला कागद कोणी उघडत नाही.

याची दुसरी बाजू सहसा कोणी बोलून दाखवत नाही. कृष्णवर्णीय सहकाऱ्याला कडू अभिप्राय द्यायला अनेकजण कचरतात, उगाच वंशभेदाचा आरोप यायला नको म्हणून. मग तिला पाच महिने 'छान चाललंय' ऐकू येतं आणि सहाव्या महिन्यात एकदम खालची श्रेणी हातात पडते. तुम्हाला तिच्या मॉडेलमध्ये चूक दिसली तर दोन दिवसांच्या आत, एकट्यात, नेमकी सेल दाखवून सांगा. गोड बोलून अंधारात ठेवणं म्हणजे तिची सुधारणेची संधी हिरावणं.

मीटिंगमधलं श्रेय हा त्यामानाने सोपा भाग. तिने मांडलेला मुद्दा दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या तोंडून आला तर 'हो, मघाशी तिने हेच सांगितलं, पुढे तिच्याकडूनच ऐकू' एवढं बस्स. क्लायंटने तिच्या मॉडेलबद्दल तुम्हाला प्रश्न विचारला तर उत्तर माहीत असलं तरी देऊ नका, तिच्याकडे वळवा. आणि तिच्या गैरहजेरीत तिच्यासाठी भांडलात हे तिला येऊन सांगू नका. तिच्यावर ओझं होतं.

आता तुमच्या स्वतःच्या करिअरचं गणित. हे खरोखर गणितच आहे. वर्षाचे 2,080 तास धरा. युटिलायझेशनचं (क्लायंटच्या कामात जाणाऱ्या वेळेचं) लक्ष्य 80 टक्के असेल तर 1,664 तास क्लायंटला. उरले 416. त्यातून सुट्ट्या आणि रजा मिळून 25 दिवस, म्हणजे 200 तास गेले. राहिले 216, म्हणजे कामाच्या 47 आठवड्यांत आठवड्याला साधारण साडेचार तास. (काही फर्म रजा आधीच वजा करून टक्केवारी काढतात, तुमच्या ठिकाणी कसं आहे ते बघून घ्या.) प्रशिक्षण, प्रपोजल, कॉलेजातली भरती, फर्मची अंतर्गत कामं, सगळं या साडेचार तासांत बसवायचं असतं. त्यातले दोन तास सहकाऱ्यांची बाजू घेण्याच्या कामाला द्या, जास्त नको. फर्ममधल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या गटाला मदत करायची असेल तर कार्यक्रमांची आखणी अंगावर घेऊ नका. केस इंटरव्ह्यूचा (धंद्यातला प्रश्न सोडवून दाखवायच्या मुलाखतीचा) सराव घ्या. हॉवर्ड, मोरहाउस, स्पेलमन अशा ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजांमधून येणाऱ्या उमेदवारांसोबत 45 मिनिटांच्या चार सराव फेऱ्या म्हणजे तीन तास. तेवढ्यात एखाद्याची ऑफर ठरू शकते, आणि भरतीचं काम तुमच्याही रिव्ह्यूत मोजलं जातं.

आणखी एक संशोधन विसरू नका, कारण ते थेट तुमच्याबद्दल आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की विविधतेची बाजू उघडपणे घेणाऱ्या स्त्री आणि गोऱ्या नसलेल्या वरिष्ठांना कामाची रेटिंग कमी मिळते. गोऱ्या पुरुषांना तसा तोटा होत नाही. भारतीय नावाच्या माणसाने हा विषय काढला की 'आपल्यासारख्यांची भरती करतोय' असा वास काहींना येतो. याचा अर्थ गप्प बसा असा नाही. विषय कायम कामाशी बांधून ठेवा, आणि मोठ्या व्यासपीठावर हेच म्हणणारा एखादा गोरा मॅनेजर किंवा पार्टनर सोबत घ्या. त्याला याची किंमत मोजावी लागत नाही, तर त्याने बोलावं. तुमची स्वतःची दोन प्रोजेक्ट निर्विवाद चांगली झाल्याशिवाय कोणाची मोठी शिफारसही करू नका, कारण कच्च्या माणसाची शिफारस समोरच्याला खाली ओढते.

थोडं आपल्याच टेबलाबद्दल. टेक्नॉलॉजी कन्सल्टिंगमध्ये कित्येक टीम निम्म्याहून अधिक भारतीय असतात. तिथे दुपारी हिंदी-मराठी-तेलुगूत जे ठरतं ते मीटिंगमध्ये फक्त जाहीर होतं. त्या टेबलावर कृष्णवर्णीय सहकारी नसते. तिच्या दृष्टीने ही गोऱ्यांच्या गोल्फसारखीच बंद खोली. कामाचा विषय निघाला की इंग्रजीवर या, आणि ठरलेलं टीमच्या चॅट चॅनलवर लिहा. रेफरल देताना, म्हणजे भरतीसाठी नावं सुचवताना, पहिली तीन नावं आपल्याच कॉलेजची निघाली तर चौथं शोधा. आणि 'कल्लू', 'हबशी', 'काळ्या' हे शब्द फोनवर मराठीत बोलतानाही सोडा. सूर सगळ्यांना कळतो. 1964 चा नागरी हक्क कायदा झाला, त्याच वातावरणात 1965 चा इमिग्रेशन कायदा आला आणि आपल्या लोकांसाठी अमेरिकेचं दार उघडलं. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं. हा हिशेब माहीत असलेल्या मराठी माणसाने लंच टेबलावर निदान हसू तरी नये.

कायद्याचं वारं 2025 मध्ये बदललं, ते नीट समजून घ्या. राष्ट्राध्यक्षांच्या 21 जानेवारी 2025 च्या आदेशाने 1965 चा सकारात्मक कृतीचा (सरकारी कंत्राटदारांनी नोकऱ्यांत समान संधीसाठी पावलं उचलण्याचा) जुना आदेश रद्द झाला. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या फर्मना आपले विविधतेचे कार्यक्रम बेकायदा नाहीत असं लिहून द्यावं लागू लागलं. अनेकांनी कार्यक्रमांची नावं बदलली, काहींनी ते गुंडाळले. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बहुसंख्याक गटातल्या तक्रारदारालाही भेदभाव सिद्ध करायला तोच निकष लागतो, जास्तीचा नाही. पण 1964 च्या कायद्याचं सातवं प्रकरण, नोकरीतला भेदभाव रोखणारं, जसंच्या तसं आहे. 'या टीमवर एक ब्लॅक व्यक्ती हवी' हे वाक्य 2025 आधीही चालणारं नव्हतं आणि आजही नाही, ते मेलमध्ये कधीच लिहू नका. 'हिने हे काम केलेलं आहे, हिला घ्या' हे कालही चाललं, उद्याही चालेल. उलट 2024 च्या एका निकालाने तक्रारदाराचं काम सोपं केलं आहे: वंश किंवा लिंगामुळे बदली झाली असेल तर नुकसान 'मोठं' असल्याचं दाखवावं लागत नाही, नोकरीच्या अटींमध्ये काहीतरी नुकसान झालं एवढं पुरे. चांगल्या प्रोजेक्टवरून काढून कोपऱ्यात टाकण्याच्या प्रकाराला हा निकाल लागू पडू शकतो.

काही गोष्टी मात्र बोलून सुटत नाहीत. शिवी, पगारातला फरक, उघडपणे काढून घेतलेलं काम. अशा वेळी पहिला प्रश्न तिलाच: तुला काय हवंय? ती 'सध्या काही करू नकोस' म्हणाली तर तिची इच्छा पाळा. अपवाद एकच: तुम्ही तिचे मॅनेजर असाल तर बहुतेक फर्मच्या नियमानुसार तुम्हाला कळवावंच लागतं, म्हणून ऐकण्याआधीच 'हे मी गुप्त ठेवू शकणार नाही' असं सांगून टाका. तक्रार लेखी करायची झाल्यास तारीख, जागा, नेमके शब्द, हजर माणसं आणि परिणाम, एवढं एका पानात. त्यात एक वाक्य हवंच हवं: 'माझ्या मते हा वंशावरून केलेला भेदभाव आहे.' लोक इथेच चुकतात. 'वातावरण विषारी आहे', 'वागणूक बरोबर नाही' असं लिहितात. पुढे सूड उगवला गेला की फर्मचा वकील म्हणतो, यात वंशाचा उल्लेखच नव्हता, मग संरक्षण कसलं? वंशाचा उल्लेख असलेली प्रामाणिक तक्रार दुसऱ्याच्या वतीने केली तरी कायद्याचं संरक्षण मिळतं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1866 च्या नागरी हक्क कायद्याखालीही सूडाविरुद्ध दाद मागता येते असं ठरवलं. त्या खटल्यातल्या माणसाने तक्रार केली होती ती सहकाऱ्याला वंशावरून काढल्याची. पंधरापेक्षा कमी माणसांच्या छोट्या फर्मला सातवं प्रकरण लागू होत नाही, हा जुना कायदा होतो.

मुदती पाठ ठेवा. संघराज्याच्या समान रोजगार संधी आयोगाकडे 180 दिवसांत जावं लागतं. राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तिथे 300. एचआरची चौकशी चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही, आणि अंतर्गत चौकशा रेंगाळतात. नोंदी स्वतःकडे ठेवा, पण त्यात क्लायंटचं नाव किंवा डेटा नको. फर्मच्या फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवणं ही नोकरीवरून काढायला आयती सबब. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात सर्वांच्या संमतीशिवाय खासगी संभाषण रेकॉर्ड करणं गुन्हा आहे.

क्लायंटचाच माणूस वाईट वागला तर? तेव्हा पार्टनर सहसा 'तिला त्रास नको' म्हणून तिलाच प्रोजेक्टवरून हलवतो. हेतू भला, पण शिक्षा तिला. पार्टनरकडे जाताना पर्याय घेऊन जा: त्या माणसाबरोबरच्या बैठका दुसरा कोणी घेईल, वर्कस्ट्रीम आणि सीएफओसमोरचं सादरीकरण तिच्याकडेच राहील. 'क्लायंटला ती नको आहे' हा वंशभेदासाठी कायद्यात बचाव धरला जात नाही, हे पार्टनरला माहीत असतं. तरी हळूच आठवण करून द्यायला हरकत नाही.

राहिला व्हिसा. सातव्या प्रकरणाचं संरक्षण एच-वन-बीवाल्यालाही पूर्ण आहे. अडचण वेळेची आहे: नोकरी गेल्यास जास्तीत जास्त 60 दिवसांची सवलत, आणि आयोगाकडची प्रकरणं महिनोन्महिने चालतात. म्हणून स्टाफिंग, अभिप्राय, श्रेय ही कामं आजपासून करा, त्यात धोका नगण्य आहे. औपचारिक तक्रारीत तुमचं नाव जाणार असेल तर आधी तुमचा आय-140 (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) कुठवर आला ते बघा. मंजुरीला 180 दिवस उलटले की कंपनीने तो मागे घेतला तरी एच-वन-बीची सहा वर्षांपुढची मुदतवाढ त्याच्या आधारे दुसऱ्या कंपनीकडून मागता येते. ती 180 दिवसांची तारीख जवळ असेल आणि सहकाऱ्याला घाई नसेल, आयोगाची मुदतही शिल्लक असेल, तर थांबण्यात लाज नाही. घाई असेल तर साक्षीदार म्हणून चौकशीत खरं सांगा. विचारल्यावर दिलेल्या अशा उत्तरालाही संरक्षण आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच ठरवलेलं आहे. इमिग्रेशनचा वकील फर्मचा नको, स्वतःचा घ्या. फर्मचा वकील फर्मचंही हित बघतो.